टू-स्ट्रोकची मात्रा

रस्त्यानं एखादी जुनी आरएक्स हंड्रेड गेली की अजूनही माना वळतात. तिचा आवाजच तसा आहे. १९८५ ते १९९६, अवघी अकरा वर्षं ही गाडी आपल्याकडे बनली. पण तिचं उत्पादन बंद झाल्यानंतर जन्मलेली पोरं आज ती शोधत गावोगाव फिरतात. नव्या गाडीच्या किमतीत जुनी गाडी घेतात आणि घरी आणल्या आणल्या विचारतात, 'हिला आणखी पळवायची कशी?' त्यावर माझं म्हणणं एवढंच असतं, की आधी ती पळते कशी हे समजून घ्या. बदल करायचे की नाहीत, ते मग ठरवू.

मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला माणूस. यंत्रशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. पण आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्या गॅरेजच्या बाकड्यावर बसून मी कवितांच्या वह्या भरल्या, आणि समोर त्यांनी उघडलेली टू-स्ट्रोक इंजिनं पाहिली. येझदी, राजदूत, चेतक, लुना, आरएक्स. आज जे सांगतो आहे, ते बरंचसं त्या बाकड्यावर शिकलेलं आहे.

साध्या, म्हणजे चार-स्ट्रोक इंजिनात चार कामं होतात. हवा-पेट्रोल आत घेणं, ते दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं. त्यासाठी पिस्टन दोनदा खाली, दोनदा वर जातो. म्हणजे क्रँकचे दोन वेढे होतात. टू-स्ट्रोकमध्ये हेच सगळं एका वेढ्यात उरकतं. प्रत्येक वेढ्याला एक ठिणगी, एक धक्का. म्हणूनच फक्त ९८ सीसीची आरएक्स ११ अश्वशक्ती देत असे, तेव्हा त्याच काळातल्या शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्या सात-साडेसातवर होत्या. त्यात गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. पळणारच ती!

हे साधण्यासाठी टू-स्ट्रोकनं एक युक्ती केली. सिलिंडरच्या डोक्यावरचे व्हॉल्व्ह काढून टाकले आणि सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या ठेवल्या. वर-खाली जाताना पिस्टनच त्या उघडतो आणि झाकतो. ताजं पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या पेटीत येते आणि तिथून दाबानं वर ढकलली जाते. आता पेट्रोलच त्या पेटीतून फिरणार, तर तिथं तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलबरोबरच आत जातं, क्रँक, बेअरिंगं आणि पिस्टन यांना हात लावून जातं आणि शेवटी जळून जातं. टू-स्ट्रोकचा निळसर धूर म्हणजे हेच जळलेलं तेल.

या तेलाची मात्रा हा सगळ्या गोष्टीचा प्राण. मात्रा हा शब्द आम्हा कवींचा, तसाच तो वैद्यांचाही आहे. इथं वैद्याचा अर्थ घ्यावा. चेतक किंवा येझदीत तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागे. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलचं वेगळं यंत्र असायचं ते त्यासाठीच. लिटरला वीस मिली, म्हणजे पन्नासाला एक, हे स्कूटरवाल्यांच्या तोंडी बसलेलं प्रमाण. आरएक्समध्ये तेलाची टाकी वेगळी आहे आणि एक छोटा पंप ॲक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला आहे. मूठ जितकी पिळाल तितकं तेल. यामाहानं ही सोय ऑटोल्यूब या नावानं आणली. तेल कमी पडलं तर काय होतं? पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तीन-चार भाग, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तेलाचा पापुद्रा फाटला की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन जाम होतं. ते जाम झालं की मागचं चाकही जागीच थांबतं.

आमच्या शेजारच्या एका मुलानं अशीच जुनी आरएक्स घेतली. आधीच्या मालकानं तेलाचा पंप बंद करून टाकला होता आणि तो पेट्रोलमध्ये हातानं तेल मिसळत असे. विकताना हे सांगायचं त्याला सुचलं नाही. त्यानं दिलेलं तेल मिसळलेलं पेट्रोल टाकीत होतं, तोवर सगळं ठीक. बाजूची तेलाची टाकी काठोकाठ भरलेली, आणि दोन आठवडे तिची पातळी तसूभर हलली नाही. पोराला वाटलं, गाडी तेल कमी खाते, चांगलीच आहे! मग त्यानं पंपावर जाऊन साधं पेट्रोल भरलं. त्याच दिवशी हमरस्त्यावर सत्तरच्या वेगात इंजिन जाम झालं, चाक अडकलं आणि पोरगा फेकला गेला. गळपट्टीच्या हाडावर निभावलं. मागून ट्रक येत नव्हता, हे नशीब. उस्ताद त्याला भेटायला गेले तेव्हा एवढंच म्हणाले, 'बेटा, तेल संपत नाही म्हणजे ते जात नाही.'

म्हणून जुनी टू-स्ट्रोक घेतली की पहिलं काम हेच: तेलाच्या टाकीवर खूण करा आणि शंभर किलोमीटरनंतर पाहा. पातळी उतरलीच पाहिजे. पंपाकडे जाणारी नळी फुटलेली नाही, तिच्यात हवेचा बुडबुडा नाही, केबल सैल नाही, हे तपासा. गाडी सुरू केल्याबरोबर मूठ पिळू नका. पिस्टन लवकर तापतो, सिलिंडर सावकाश. मधल्या वेळात फट नाहीशी होते. आणि लांब घाट उतरताना, आंबोली असो की खंबाटकी, मूठ पूर्ण बंद ठेवून इंजिनच्या जोरावर गाडी अडवत उतरू नका. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल जवळजवळ बंद, आणि इंजिन मात्र गरगर फिरत असतं. अधूनमधून मूठ जराशी उघडा. टू-स्ट्रोक चालवताना डावी दोन बोटं क्लचवर ठेवायची जुन्या लोकांची सवयही उगीच नव्हती. इंजिन अडकलंच तर क्लच दाबला की चाक मोकळं होतं.

दुसरी गोष्ट हवेची. पेट्रोलच्या मानानं हवा जास्त झाली की इंजिन बेताल तापतं. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. गाडी थोडी दामटून चालवा, मग प्लग काढून बघा. चिनी मातीचा भाग चॉकलेटी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, आणि हा रंग धोक्याचा. कधी कारण कार्बोरेटरच्या जेटमध्ये असतं, कधी क्रँकच्या ऑइल सीलमध्ये. सील वाळून कडक झालं की बाहेरची हवा आत शिरते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल ओढलं जातं. गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअरबॉक्समधलं तेल गुपचूप कमी होत जातं. अशा वेळी नुसतं पिस्टन बदलणं म्हणजे घर गळत असताना फरशी पुसत बसणं.

हवेबरोबर धूळ येते, तिचाही विचार हवा. अमेरिकेत खेळासाठी चार जाड चाकांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या गाड्या असतात, त्यांना क्वाड म्हणतात. यामाहाची बॅन्शी ही त्यांतली नामांकित. ती १९८७ साली आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. तिचं ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक इंजिन यामाहाच्या साडेतीनशे सीसी मोटरसायकलींच्या घराण्यातलं. आपल्याकडे १९८३ साली आलेली राजदूत ३५० ही त्याच घराण्याची जुनी, वाऱ्यानं गार होणारी शाखा. कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर बॅन्शी पळवणारे लोक फोमचा फिल्टर वरचेवर धुतात, सुकवतात आणि त्याला खास तेल चोळतात, कारण वाळूचा कण त्या तेलाला चिकटतो. तो आत गेला तर काचकागदासारखा सिलिंडर घासतो. आपली पोरं मात्र 'गाडी मोकळा श्वास घेते' म्हणून फिल्टरच काढून ठेवतात. मोकळा श्वास तर होतोच, पण धुळीचा. शिवाय हवा वाढते आणि प्लग पांढरा पडतो.

आता सायलेन्सरकडे येऊ. बदलांची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. आतली नळी काढायची किंवा मागचा भाग कापायचा, आवाज दुप्पट. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा समज. टू-स्ट्रोकच्या बाबतीत हा समज नेमका उलटा आहे. इथं सायलेन्सर ही शोभेची वस्तू नाही, तो इंजिनाचाच एक भाग आहे.

कसा ते सांगतो. धुराची खिडकी उघडते तेव्हा दाबाची एक लाट नळीतून निघते. नळी पुढं रुंदावते तिथून ओढ निर्माण होते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो. त्याच ओढीनं थोडं ताजं पेट्रोलही बाहेर निसटतं. पुढं नळी पुन्हा निमुळती होते. तिथं लाट आदळून परत फिरते आणि निसटलेलं पेट्रोल खिडकी बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मिनिटाला आठ हजार फेऱ्या असतील तर एक वेढा साडेसात मिलिसेकंदांचा, आणि खिडकी उघडी असते जेमतेम चार मिलिसेकंद. तेवढ्यात लाटेनं जाऊन परत यायचं. तबल्याच्या आवर्तनासारखं ते समेवर आलं पाहिजे. नळी कापली की लाट वेळेआधी येते किंवा येतच नाही. आवाज वाढतो, पेट्रोल वाया जातं, ताकद घटते.

ही विद्या पूर्व जर्मनीत, चोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या इंजिनिअरनं सिद्ध केली. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या शर्यतीच्या इंजिनानं २५ अश्वशक्ती गाठली. लिटरच्या हिशेबानं दोनशे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळून गेला आणि ती विद्या जपानच्या सुझुकीकडे पोहोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीवर बसून तो ५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. ज्या नळीच्या हिशेबासाठी एवढं राजकारण घडलं, ती आपण करवतीनं कापतो!

सिलिंडरच्या खिडक्या घासून मोठ्या करणं हाही आवडता उद्योग. धुराची खिडकी वर चढवली तर वरच्या वेगात ताकद वाढते, पण खालची जाते. शर्यतीच्या मैदानात ते चालतं. बाजारपेठेत सिग्नलवरून निघताना गाडी रडते. घासलेल्या कडा गोल केल्या नाहीत तर पिस्टनची रिंग त्यांत अडकून तुटते. लेथवर दिलेला सिलिंडर पाव-पाव मिलिमीटरनं, ठरलेल्या मापांनीच वाढवता येतो. शेवटच्या मापानंतर नवा सिलिंडर शोधावा लागतो, आणि अस्सल माल आता दुर्मीळ आहे. घासलेलं लोखंड परत भरून येत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या रचनेबाहेरचे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी रात्री अकरा वाजता गल्लीत कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं, कुणी म्हातारी जागी असते. टू-स्ट्रोक गाड्या बाजारातून गेल्या त्या धुराच्या आणि न जळलेल्या पेट्रोलच्या नियमांमुळे. त्या नियमांना कारण होतं. जी थोडी उरली आहेत ती आपण नीट ठेवली तरच लोक त्यांना प्रेमानं पाहतील.

मग पोरांनी करायचं काय? सील नवी घाला. कार्बोरेटर साफ करा, जेट कंपनीच्या मापाचे ठेवा. धुराच्या खिडकीतला आणि सायलेन्सरमधला काजळीचा थर खरवडून काढा. निम्म्या गाड्यांचा गेलेला पिकअप तिथंच अडकलेला असतो. रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्यांना चीर गेली असेल तर बदला. कमी धुराचं, एफसी किंवा एफडी दर्जाचं टू-टी तेल वापरा. एवढं केलं की गाडीत कंपनीनं दिलेली ११ अश्वशक्ती परत येते. आमच्या शेजारच्या मुलाच्या गाडीला उस्तादांनी एवढंच केलं, आणि तेलाचा पंप जोडून दिला. तो अजून विचारतो, 'उस्ताद, हिला काय लावलं तुम्ही?' उस्ताद सांगतात, 'काही लावलं नाही. जे काढलं होतं ते परत बसवलं.'