मनावरचा घाव आणि दुरून होणारा उपचार

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव जरा बोजड आहे: आघातोत्तर ताणविकार आणि त्यावर इंटरनेटच्या द्वारे होणारा उपचार. नाव बोजड असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. अपघातातून बचावलेल्या माणसाची हाडे केव्हाच जुळलेली असतात, पण तो मोटारीत पाय ठेवायला तयार होत नाही. पुरातून वाचलेली बाई रात्री पावसाची सर आली की अंथरुणात उठून बसते. अशा माणसांना आपण काय सांगतो? ‘झाले गेले गंगेला मिळाले, आता विसरा.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु जे विसरता येत नाही म्हणून दुखणे उद्भवले, तेच विसरण्याचा सल्ला देणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगण्यासारखे आहे.

हे दुखणे नवे नाही. त्याला शास्त्रात मिळालेले स्थान मात्र अलीकडचे आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेले शिपाई शरीराला इजा नसताना थरथरू लागत, मुके होत. चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रोग्यांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पुढे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची दैना अमेरिकेला दिसली आणि १९८० साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराला आपल्या अधिकृत ग्रंथात जागा दिली. हा विकार केवळ सैनिकांचा नव्हे, हेही तेव्हापासून अधिक स्पष्ट होत गेले. बलात्कार, भूकंप, दंगल, अपघात, घरातील मारहाण यांपैकी कशानेही तो होऊ शकतो.

त्याची लक्षणे ढोबळमानाने चार प्रकारची असतात. प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तो आठवल्यासारखा नव्हे तर आत्ता घडत असल्यासारखा. त्याची आठवण देणारी माणसे, जागा, बोलणी यांना रोगी टाळतो. स्वतःविषयी आणि जगाविषयी त्याची मते काळवंडतात. ‘चूक माझीच होती’ हे त्यांतले नेहमीचे मत. आणि शरीर सदैव सावध राहते: झोप उडते, जरा आवाज झाला की दचकायला होते. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो असे आपण म्हणतो; हा बिचारा पाणीदेखील फुंकून पितो. हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकले आणि जगणे अडू लागले, तरच त्याला विकार म्हणतात. आघात सोसलेली बहुतेक माणसे आप्तेष्टांच्या आधाराने आपोआप सावरतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

मग काहींच्या बाबतीत असे का होते? व्यापाऱ्याच्या उदाहरणाने सांगतो. दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत घाईने टिपलेले असतात. रात्री ते तारीखवार कीर्दीत चढतात आणि तेथून खतावणीत आपापल्या खात्याला जातात. मगच हिशेब जुळतो. भयंकर प्रसंगाची स्मृती कच्च्या वहीतच राहून जाते. तिला तारीख नसते, खाते नसते. म्हणून ती कधीही वर येते, आणि आली की ‘हे तेव्हा घडले, आता संपले’ असे मनाला कळत नाही. ती वही उघडण्याची भीती वाटते म्हणून माणूस ती उघडत नाही, आणि उघडत नाही म्हणून नोंद कधीच चढत नाही.

या विकारावरील कसोटीला उतरलेले बहुतेक मानसोपचार या एकाच ठिकाणी हात घालतात. एड्ना फोआ या विदुषींची पद्धत घ्या किंवा पॅट्रिशिया रेसिक यांची घ्या. तपशील वेगळे असले तरी सुरक्षित जागी, जाणत्या माणसाच्या सोबतीने, भीतीला आणि तिच्यातून उपजलेल्या मतांना सामोरे जाणे हा त्यांचा गाभा आहे. औषधांचाही उपयोग होतो, पण अशा उपचारांना मार्गदर्शक ग्रंथ सहसा अग्रस्थान देतात.

येथे मोठी अडचण येते. ज्या माणसाचे दुखणेच टाळण्याचे आहे, त्याने घराबाहेर पडावे, बस पकडावी, अनोळखी दवाखान्यात बसावे आणि परक्या माणसाच्या डोळ्यांत पाहून सर्वांत लाजिरवाणी वाटणारी गोष्ट सांगावी, अशी आपली अपेक्षा असते. कित्येक जण दारापर्यंतही पोहोचत नाहीत. दुरून उपचाराची कल्पना पुढे सरकली ती याच अडचणीतून.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील आल्फ्रेड लांगे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘इंटरॲपी’ नावाचा उपचार रचला आणि २००१ साली त्याच्या चाचणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यात रोगी आणि उपचारक एकमेकांना पाहतही नाहीत. सारे काम लेखनाने चालते. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास, असे पाच आठवडे रोगी लिहितो आणि उपचारक त्याला लेखी उत्तर देतो. या लेखनाचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात तो प्रसंग वर्तमानकाळात, वास, आवाज, स्पर्श यांसह लिहायचा. शुद्धलेखनाची चिंता करायची नाही. दुसऱ्यात एक कल्पित मित्र समोर आणायचा. तेच संकट त्याच्यावर कोसळले आहे असे मानून त्याला सल्ल्याचे पत्र लिहायचे. स्वतःला वर्षानुवर्षे दोष देणारा माणूस मित्राला मात्र सहसा दोष देत नाही. पत्र लिहिता लिहिता आपण स्वतःला कोणता न्याय लावला होता हे त्याचे त्यालाच दिसते. तिसऱ्यात एक निरोपाचे पत्र: स्वतःला, एखाद्या जिवलगाला किंवा त्या प्रसंगाशी संबंध असलेल्या कोणाला. ते पोस्टात टाकलेच पाहिजे असे नाही. कच्च्या वहीतली नोंद अशी खात्यावर चढते.

हॉलंडसारख्या शांत, सुखवस्तू देशात हे जमले; पण जेथे आघात जास्त आणि वैद्य कमी, तेथे काय? बर्लिन येथे छळ सोसलेल्यांसाठी एक उपचार केंद्र आहे. त्या केंद्राने २००८ च्या सुमारास हीच पद्धत अरबी भाषेत आणली. मुख्यतः इराकमधील युद्धपीडितांना अरबी जाणणारे उपचारक इंटरनेटवरून उत्तरे लिहीत. क्रिस्टीने क्नेवेल्सरूड आणि सहकारी यांनी २०१५ साली १५९ जणांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांनी उपचार पुरा केला त्यांतले सुमारे ६२ टक्के लोक विकारातून बाहेर आले. नुसती वाट पाहणाऱ्या गटात असे क्वचितच घडले. पण उपचार सुरू केलेल्यांपैकी पुष्कळांनी तो मध्येच सोडला, हेही त्याच वृत्तांतात आहे. तरीसुद्धा बाहेर अशांतता असताना, घरात बसून, मातृभाषेत लिहून माणसे सावरू शकतात, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तिसरे उदाहरण ब्रिटनचे. कार्डिफ विद्यापीठातील जोनाथन बिसन आणि सहकारी यांनी ‘स्प्रिंग’ नावाचा आठ पायऱ्यांचा कार्यक्रम तयार केला. रोगी तो घरी बसून पुरा करतो आणि उपचारक एकंदर सुमारे ३ तास मार्गदर्शन करतो. त्याची तुलना समोरासमोरच्या नेहमीच्या उपचाराशी केली गेली. त्यात १२ पर्यंत बैठका होत्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १९६ लोक होते. १६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांची सुधारणा तोलामोलाची निघाली. वर्षानंतरही ती टिकून होती. मात्र तेव्हा दोन्ही मार्ग अगदी सारखे, असे ठामपणे म्हणता आले नाही. शिवाय हे सारे रोगी एकाच प्रसंगाने पीडित आणि सौम्य ते मध्यम विकाराचे होते. बालपणापासून वर्षानुवर्षे छळ सोसलेल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. माणूस समोर नसेल तर विश्वास कसा बसेल? अनुभव असा की पुष्कळांना डोळ्यांआड राहिल्यामुळेच लिहिण्याचे धैर्य होते. जीव द्यायची इच्छा अनावर झाली तर? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच असे लोक आरंभीच्या प्रश्नावलीत ओळखून त्यांना प्रत्यक्ष उपचाराकडे पाठवतात, आणि ज्या ठिकाणी ही चाळणी नाही तो उपचार धोक्याचा समजावा. तिसरा आक्षेप आपल्याकडे फार लागू आहे. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील तर एकांत कुठला? ज्या बाईचा फोन नवरा तपासतो, तिने आपली कहाणी कोणत्या फोनवर लिहावी? अशा वेळी दुरून उपचार सोयीचा नसून घातक ठरेल. शेवटची गोष्ट ही की, मागे जाणता माणूस नसलेले नुसते ॲप स्वतःच्या हिमतीवर पुरे करणारे थोडे. मध्येच सोडणारे फार.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीच्या परिसरातली गावे भुईसपाट झाली. वाचलेल्यांच्या मानसिक अवस्थेची जी पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात हाच विकार आणि नैराश्य ही प्रमुख दुखणी आढळली. घरे पुन्हा उभी राहिली. मनांसाठी खेडोपाडी पोहोचतील इतके तज्ज्ञ तेव्हा नव्हते आणि आजही नाहीत. देशात एक लाख लोकवस्तीमागे पुरता एक मनोविकारतज्ज्ञदेखील भरत नाही. फोन मात्र खेड्यापाड्यांत पोहोचला आहे.

काही पावले पडली आहेत. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम झाले आणि डॉक्टराने दुरून सल्ला देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा वर सांगितलेला लेखन-उपचार नव्हे. पहिली विचारपूस आणि पुढची वाट दाखवणे हे तिचे काम. मराठीत नीट पारखलेला आणि जाणत्या उपचारकाच्या देखरेखीचा असा कार्यक्रम आपल्या विद्यापीठांनी व रुग्णालयांनी हाती घेण्याजोगा आहे. अरबीत जे साधले ते मराठीत का साधू नये?

तोवर आपण नागरिकांनी काय करावे? संकटातून वाचलेल्याला पहिल्याच दिवशी खोदून खोदून विचारू नये. त्याने लाभ होत नाही, असे चाचण्यांतून दिसले आहे. त्याला निवारा, झोप आणि आपली माणसे मिळतील असे पाहावे. महिना उलटूनही तो रात्री दचकून उठत असेल, तर विसरण्याचा उपदेश न करता त्याला उपचार आहे एवढे सांगावे, आणि पहिला फोन करताना त्याच्या शेजारी बसावे. श्रोत्यांपैकी एकाने जरी हे कोणासाठी केले, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.