छप्पर तापले, बिल फुगले!

वरच्या मजल्यावरचे घर उन्हाळ्यात भट्टी का बनते? एअर कंडिशनर घेण्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन पाहायला हवे.

मे महिना. रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. बाहेर गॅलरीत वाऱ्याची थोडीफार झुळूक आहे, पण आत खोलीत पंखा पाचवर असूनही बाळ घामाने निथळते आहे. सासूबाई तिसऱ्यांदा उठून माठातले पाणी पिऊन येतात आणि म्हणतात, “अगं, तो पंखा बंदच कर बाई. वरून नुसत्या झळा येताहेत.” सून स्टुलावर चढून छताला तळहात लावते. सूर्य मावळून साडेतीन तास झाले, तरी छत नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखे गरम! दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला निघताना घरात एकच विषय असतो, “आता एसी घ्यायलाच हवा. हप्त्याने मिळतो.”

नागपूर, अकोला, जळगाव असो की इंदूर, बडोदा, हैदराबाद. सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांत हा संवाद दर उन्हाळ्यात होतो. एसी येतो. पाठोपाठ बिलही येते. खोली मात्र तासाभराने गार होते आणि एसी बंद केला की दहा मिनिटांत पुन्हा पहिल्यासारखी. कारण एसी खोलीतली हवा गार करतो, पण डोक्यावरची शेगडी तशीच पेटलेली राहते.

डोक्यावर ४६ इस्त्र्या

ही शेगडी केवढी असते, याचा हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात भर दुपारी निरभ्र आकाशातून प्रत्येक चौरस मीटर सपाट जागेवर सुमारे १,००० वॅट इतकी उष्णता पडते. घरातील साधी विजेची इस्त्री साधारण १,००० वॅटची असते. म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या, सुमारे ४६ चौरस मीटरच्या गच्चीवर दुपारी १२ वाजता ४६ इस्त्र्या चालू ठेवल्यासारखे झाले! साध्या करड्या सिमेंटची गच्ची यातील तीसेक इस्त्र्यांची उष्णता पिऊन टाकते. ती सगळीच घरात उतरत नाही. बरीचशी वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे परत जाते. पण उरलेली स्लॅबमध्ये साठत राहते. सिमेंट सावकाश तापते आणि सावकाशच निवते. त्यामुळे दुपारचे ऊन खोलीत पोहोचते ते संध्याकाळी आणि रात्री, नेमके झोपायच्या वेळेला.

तीच गच्ची ताज्या चुन्याने पांढरीशुभ्र केली, तर ती उन्हाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग आल्या पावली परत पाठवते. तीस इस्त्र्यांच्या जागी दहा-बारा उरतात. खोलीच्या तापमानात साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण पंख्याखाली झोप लागणे आणि न लागणे यातला फरक तेवढाच असतो.

हे काही नवे शोध नव्हेत. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात जाडजूड मातीचे छप्पर दिवसभराचे ऊन वरच अडवून धरी. मात्र ते जड छप्पर धोक्याचेही होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरचे हे ओझेच अंगावर कोसळले. त्यानंतर माळवद परत यावे असे कोण म्हणेल? पण मातीच्या जागी जो पत्रा किंवा स्लॅब आला, त्याने माळवदाचा गारवा काही दिला नाही. कोकणात वेगळी तऱ्हा. तिथे कौले तापली तरी खाली पोटमाळा असतो. कौले आणि खोली यांच्यामध्ये हवेची एक मोकळी जागा राहते, कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

पोटमाळ्यातला आरसा

अमेरिकेतील उतरत्या छपरांच्या घरांतही असाच पोटमाळा असतो. उन्हाळ्यात तो भयंकर तापतो आणि खालच्या खोल्यांचे एसी थकून जातात. यावर तिथे एक उपाय चांगला रुळला आहे. छपराच्या आतल्या बाजूने ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल लावायची. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते उष्ण, भरपूर उन्हाच्या भागात अशा फॉइलने घर गार ठेवण्याचा खर्च ५ ते १० टक्क्यांनी कमी होऊ शकतो. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. “निम्मे बिल वाचवा” अशी जाहिरात करणाऱ्या विक्रेत्याला हा आकडा जरूर ऐकवावा.

ही फॉइल काम कसे करते, ते घरातल्या शाळकरी मुलालाही सांगता येईल. वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग त्याने पाठ केलेले असतात. तापलेल्या छपराकडून खाली येणारी बरीचशी उष्णता प्रारणाने येते, शेकोटीची धग दुरून लागते तशी. चकचकीत ॲल्युमिनियम ही धग ९५ टक्क्यांच्या आसपास परतवते. शिवाय स्वतः तापले तरी आपल्या चकचकीत बाजूने फारच थोडी धग सोडते. चहाच्या थर्मासमधील काचेला आतून चंदेरी मुलामा असतो तो याचसाठी. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये तशी बाटली बनवली, ती प्रयोगशाळेसाठी. चहाची सोय नंतर झाली!

आता खरी मेख. फॉइलच्या चकचकीत बाजूसमोर हवेची मोकळी जागा हवीच, निदान इंचभर तरी. फॉइल तापलेल्या पत्र्याला आणि खालच्या प्लायवूडला दोन्हीकडून घट्ट चिकटवली, तर धातूमधून उष्णता सरळ खाली उतरते आणि पैसे वाया जातात. ॲल्युमिनियम हे उष्णतेचे उत्तम वाहक आहे, याचा अनुभव स्वयंपाकघरात रोजच येतो. बाजारात फुगे असलेली चंदेरी शीट रोलमध्ये मिळते. ती पत्र्याच्या आधारासाठी असलेल्या पाइपांवरून ताणून बसवली, खाली छत म्हणून बोर्ड लावताना मध्ये जागा सोडली, तर तिचा उपयोग होतो. कारागीर अनेकदा “ताई, घट्ट चिकटवतो, लोंबकळणार नाही” असे मोठ्या कौतुकाने सांगतात. तिथेच त्यांना थांबवायला हवे.

चकचकीत बाजू शक्यतो खाली, मोकळ्या जागेकडे तोंड करून असावी. वर तोंड करून माळ्याच्या जमिनीवर अंथरलेल्या फॉइलवर धूळ साचते, आणि धुळीने माखलेला आरसा कसला परावर्तन करणार? तसेच चूल, गॅस किंवा देवघरातील निरांजनाची ज्योत जवळ असेल तिथे ही शीट लावू नये. चंदेरी दिसली तरी आत प्लॅस्टिकच असते.

ऑस्ट्रेलियात काय घडले?

फॉइलबाबत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात नसते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २००९ मध्ये घराघरांच्या पोटमाळ्यांत उष्णतारोधक थर बसवून देण्याची मोठी योजना काढली. वर्षभराच्या आतच दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले. घाई एवढी, की अननुभवी पोरांनाही माळ्यावर चढवले गेले. चार तरुण कामगारांनी जीव गमावला. तिघे विजेच्या धक्क्याने गेले, चौथा तापलेल्या माळ्यातील उष्म्याने. फॉइल ठोकताना धातूची पिन विजेच्या वायरीत घुसणे आणि सगळी फॉइलच विजेने भारली जाणे, हे त्यातील एक कारण होते. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली आणि पुढे तिची चौकशीही झाली.

आपल्याकडे पत्र्याखालच्या वायरी कशा लोंबत असतात, हे वेगळे सांगायला नको. म्हणून फॉइल लावण्याचे काम चालू असताना मेन स्विच बंद, हा नियम पक्का. जुन्या उघड्या वायरी आधी इलेक्ट्रिशियनकडून पाइपात घालून घ्याव्यात. वायरीजवळ लोखंडी पिना किंवा खिळे नकोत. आणि कारागिराला दुपारी दोनला पत्र्याखाली चढवू नये, सकाळी लवकर बोलवावे.

चुना स्वस्त, पण जपून

स्लॅबच्या घरात पोटमाळा नसतो. तिथे खालून फॉइल लावायची तर फॉल्स सीलिंगचा खर्च आला आणि खोलीची उंचीही गेली. अशा घराला गच्ची पांढरी करणे हाच सरळ आणि स्वस्त मार्ग. ऊन वरच्या वर परतवले की स्लॅब तापतच नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, होळीच्या आसपास हे काम उरकावे. गच्ची आधी खराट्याने झाडून, धुऊन, शेवाळ खरवडून कोरडी करावी. भेगा असतील तर त्या आधी बुजवाव्यात, नाहीतर पावसाळ्यात गळती व्हायची आणि दोष चुन्याला मिळायचा. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळतात, म्हणजे तो पायाला कमी लागतो. पातळ दोन हात द्यावेत, दुसरा हात पहिला वाळल्यावर. कळीचा चुना आणला असेल तर मात्र सावधान! पाणी घातल्यावर तो खदखदून उकळतो आणि थेंब डोळ्यात उडाला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना दूर ठेवावे, चष्मा आणि हातमोजे घालावेत, प्लॅस्टिकची बादली वापरू नये. पिशवीतला विरवलेला चुना त्या मानाने सोयीचा.

चुना पावसाने धुपतो, दरवर्षी पुन्हा लावावा लागतो. गच्चीसाठी खास मिळणारे उष्णता परतवणारे पांढरे रंग महाग असतात, पण काही वर्षे टिकतात. गुजरातेत गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवण्याची रीत आहे. ती सर्वांत टिकाऊ, मात्र स्लॅबवर तेवढा भार पेलेल का, हे इंजिनिअरला विचारूनच करावे. आणि पांढरे काहीही लावले तरी धूळ बसू देऊ नये. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा झाडू फिरवला तरी पुरते.

अहमदाबादला या गोष्टीची किंमत फार महागात कळली. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि २०१७ पासून वस्त्यांमधील घरांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पत्र्याच्या एका खोलीत दिवसभर असणारी वृद्ध माणसे, बाळंतिणी, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी हा प्रश्न बिलाचा नसतो. त्यांच्याकडे एसी नसतोच.

बिलात किती फरक?

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचा हिशेब असा. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला, तर तो तासाला सरासरी एक युनिट धरून महिन्याला २४० युनिट खातो. छप्पर गार झाल्याने त्याचे काम एक पंचमांशाने जरी हलके झाले, तरी ४८ युनिट वाचले. घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो. वाचलेली युनिटे या वरच्या महागड्या टप्प्यातली असतात, हे लक्षात घेतले तर चुन्याचा खर्च पहिल्याच उन्हाळ्यात भरून निघू शकतो. एसी २४ अंशांवर ठेवला तर आणखी बचत. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे.

मात्र पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीवर खर्च करून काही मिळणार नाही. त्यांचा शत्रू पश्चिमेची भिंत आणि खिडकी. आपल्या घरात दोषी कोण, हे ठरवायला सुनेने केले तेच करावे. रात्री दहाला आधी छताला आणि मग भिंतींना तळहात लावून पाहावा. जे जास्त गरम, तिथून सुरुवात.

खरी अडचण सोसायटीत येते. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे परवानगी हवी आणि खर्चही कुणी वाटून घ्यायला तयार नसते. “वहिनी, गच्चीचा फायदा फक्त तुमच्या मजल्याला, मग खर्च सगळ्यांनी का करायचा?” असे सेक्रेटरीसाहेब विचारतात. त्यांना शांतपणे सांगावे, “भाऊ, गळती झाली की गच्ची सगळ्यांची असते. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी तुमच्याही नळाला चटका देते ना? टाकीलाही पांढरा रंग देऊन टाकू.” टाकीचा मुद्दा मीटिंगमध्ये हमखास मंजूर होतो. तिच्याबरोबर गच्चीचाही ठराव लिहून घ्यावा.

एवढे झाल्यावर पहिल्या आठवड्यात घरभर पांढरी पावले उमटतील. गच्चीच्या दाराशी पायपुसणे ठेवावे. दुपारी वर जाताना डोळे दिपतात, तेव्हा छत्री किंवा गॉगल हवा. आणि कुरडया-पापड वाळत घालायचे असतील, तर खाली प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर जुने लुगडे दुहेरी अंथरावे, म्हणजे चुना लागणार नाही.