समाजाधिष्ठित अनुभवजन्य अध्ययन

विद्यापीठीय शिक्षणाचा समाजाशी प्रत्यक्ष संबंध यावा, या हेतूने महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, म्हणजे १९६९ साली, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास नियमित काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. तास मोजता येतात. त्या तासांत अध्ययन किती झाले, हे ठरविणे मात्र अवघड असते.

अशा शिबिरांतील एक परिचित काम म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा सरून ओढ्याची धार मंदावली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरून त्या प्रवाहाला आडव्या रचतात. अडलेले पाणी मुरते आणि जवळच्या विहिरींना त्याचा लाभ होतो. गोण्या वाहून विद्यार्थी दमतो व समाधानाने परततो. एवढ्यावरच थांबल्यास ते श्रमदान ठरते. ते मोलाचे आहेच, परंतु त्याला अध्ययन म्हणता येत नाही. बंधाऱ्यासाठी हीच जागा का निवडली, हे त्या ओढ्याचे पूर पाहिलेला शेतकरी सांगू शकतो. त्याला विचारावे लागते. पाणी कोणाच्या विहिरीला लागणार? ज्याच्यापाशी जमीनच नाही, त्याच्या वाट्याला काय येणार? पुढील पावसाळ्यानंतर हा बंधारा पुन्हा कोण रचणार? या प्रश्नांपाशी गाव हे केवळ कामाचे ठिकाण न राहता शिक्षकाच्या भूमिकेत येते.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अध्ययनचक्रात प्रत्यक्ष अनुभव, चिंतनशील निरीक्षण, संकल्पनानिर्मिती आणि सक्रिय प्रयोग अशा चार अवस्था आहेत. आपल्याकडे बहुधा पहिल्या अवस्थेनंतर थेट अहवाल लिहिला जातो, त्यात उपस्थिती आणि छायाचित्रे असतात.

दूरशिक्षणाच्या प्रौढ विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. शेती, अंगणवाडी, कारखाना यांतील अनुभव त्याच्यापाशी आधीच असतो. पण परिचयामुळेच त्यातील प्रश्न दिसेनासे होतात. म्हणून त्याने प्रकल्पासाठी दूरचे गाव शोधण्याऐवजी आपल्याच वस्तीतील एखादा रोजचा व्यवहार निवडावा. समजा, सार्वजनिक नळावरील पाणीवाटप निवडले. पाहण्यापूर्वी त्याविषयीची आपली समजूत लिहून ठेवावी आणि आठवड्याभराच्या निरीक्षणानंतर, तसेच नळावर येणाऱ्यांशी बोलल्यानंतर, त्या समजुतीतील कोणती वाक्ये खोडावी लागली ते नोंदवावे.