वीस मिनिटं आणि एक काचेची नळी

रात्री केळीला पाणी भरायला गेलेल्या माणसाच्या पायाला काहीतरी चावतं. साप कुणी पाहिलेला नसतो. मुक्ताईनगरच्या उपजिल्हा रुग्णालयात त्याला आणलं की पहिला प्रश्न, विष भिनलंय का? याला मोठं यंत्र लागत नाही. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, नळीला वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचा संशय पक्का, आणि एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं प्रतिविष, सुरू.

आता मोजा माणसं. आशाताईंनी गाडी बोलावलेली, १०८ वर अनेकदा बीएएमएस डॉक्टर, नळी तंत्रज्ञाच्या हातात, एएसव्हीच्या बाटल्यांचा हिशेब औषधनिर्मात्याकडे. नाग-मण्यारचं विष त्या नळीत दिसत नाही. तिथे पापण्या जड होतात का, हे पाहत परिचारिका रात्रभर बसते. शिकताना ही मंडळी एका वर्गात कधी बसली होती का?

गैरसमज : नोकरीला लागलं की मिळून काम करणं आपोआप येतं.
येते ती सवय, आणि तीही चुकीची असू शकते. साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तसुद्धा गोठत नाही, म्हणजे गरज नसलेल्याला एएसव्ही जातं. हे तंत्रज्ञाला ठाऊक असतं. पण तरुण डॉक्टरला "सर, ही नळी नको" म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि ऐकून घ्यायला डॉक्टरलाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा एकत्र शिक्षणाची व्याख्याच केली : दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात ते. त्यातलं 'एकमेकांकडून' सगळ्यात अवघड.

गैरसमज : टीम म्हणजे डॉक्टरांनी सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरची भूमिका आरोग्य पथकाचा 'नेता आणि सदस्य' अशी आहे. दुसरा शब्द आपण विसरतो. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा-यादीत तर चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. बालिश वाटतं ना? दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. श्रेय एकट्या नाव सांगण्याला नाही, पण ज्याचं नाव ठाऊक आहे त्याला "थांबा" म्हणणं सोपं जातं.

गैरसमज : एकत्र शिकणं ही परदेशी टूम आहे.
सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चं. तिथले विद्यार्थी शिकताना खेड्यात मुक्काम करतात. आपल्या वर्गाच्या भिंतींबाहेर जाऊन शिकण्याची कल्पना टूम म्हणायला फार जुनी झाली.

गैरसमज : कॉलेजं एका आवारात आली की झालं.
जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं, आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत, फिजिओथेरपी एकाच संकुलात आणण्याची योजनाही आहे. चांगलंच आहे. पण वेळापत्रक वेगळं, शिक्षक वेगळे, कँटीन तेवढी एक, असं झालं तर भिंती पडल्या असं मी म्हणणार नाही.

तुमच्या घरातलं कुणी मेडिकलला, नर्सिंगला किंवा डीएमएलटीला असेल, तर सुटीत आल्यावर एवढंच विचारा : दुसऱ्या कोर्सच्या मुलांसोबत एका रुग्णापाशी आजवर किती तास बसलात?