वितरित शोधसूचीतील खंडसंख्येचे आकुंचन

इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीत मोठी सूची अनेक शार्डांत, म्हणजे खंडांत, विभागून निरनिराळ्या संगणकांवर ठेवतात. प्रत्येक खंड ही ल्यूसीनची स्वतंत्र सूचीच असल्याने तो स्मृती व्यापतो, आणि सर्वसाधारण शोध सर्वच खंडांकडे पाठवावा लागतो. यास्तव लहान खंडांची गर्दी झाली म्हणजे त्यांची संख्या घटविणे इष्ट ठरते.

तथापि ही संख्या वाटेल तशी बदलता येत नाही. दस्तऐवजाचा खंड त्याच्या ओळखचिन्हाच्या हॅशसंख्येवरून ठरतो. हा नियम बिघडल्यास सूचीत असलेला दस्तऐवजही सापडणार नाही. म्हणूनच २०१६ साली ५.० या आवृत्तीत आलेल्या आकुंचनक्रियेत नवी संख्या जुनीची विभाजक असावी लागते. ८ चे ४ करताना लगतचे दोन-दोन खंड अखंडपणे एकत्र येतात. ८ चे ३ करावयाचे तर खंड फोडावे लागतील. ७ ही मूळसंख्या असल्याने तेथे १ हाच पर्याय उरतो.

क्रियेपूर्वी सूचीतील लेखन थांबवून प्रत्येक खंडाची एक प्रत एकाच संगणकावर आणावी लागते. फाइलप्रणालीत हार्डलिंकची सोय असल्यास मजकुराची नक्कल करावी लागत नाही. सारांश, आरंभी खंडसंख्या ठरवितानाच तिचे विभाजक विचारात घेणे हिताचे होय.