सबवूफर विवर्धक : जोडणी व समायोजन

घरगुती ध्वनियंत्रणेत सर्वांत खालच्या पट्टीतील, म्हणजे सु. २० ते १०० हर्ट्‌झ (दर सेकंदास होणारी कंपने) या कंप्रतांचे स्वर निर्माण करण्यासाठी जो स्वतंत्र ध्वनिक्षेपक वापरतात त्यास सबवूफर आणि त्याला विद्युत् शक्ती पुरविणाऱ्या इलेक्ट्रॉनीय साधनास सबवूफर विवर्धक असे म्हणतात. बहुतेक घरगुती सबवूफरांत विवर्धक ध्वनिक्षेपकाच्याच पेटीत बसविलेला असतो; काही यंत्रणांत तो वेगळा असतो. विवर्धक जितक्या अधिक वॅटचा तितका खर्जाचा नाद चांगला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या नादाची प्रत विवर्धकाच्या शक्तीपेक्षा त्याचा मुख्य ध्वनिक्षेपकांशी व खोलीशी मेळ कसा घातला आहे यावर अधिक अवलंबून असते.

स्वतंत्र ध्वनिक्षेपकाची आवश्यकता : सी. डब्ल्यू. राइस व ई. डब्ल्यू. केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे तत्त्व आजही प्रचलित आहे. या ध्वनिक्षेपकात शंकूच्या हालचालीने हवा पुढेमागे ढकलली जाते. ध्वनीची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी केल्यास शंकूला चौपट हवा विस्थापित करावी लागते. १३ सेंमी. व्यासाचा शंकू ८० हर्ट्‌झचा स्वर सहज देतो. परंतु तेवढ्याच जोराने २० हर्ट्‌झचा स्वर देण्यासाठी त्याला सोळापट हालचाल करावी लागेल व ती त्याच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून खालच्या स्वरांचे काम मोठा शंकू, मोठी पेटी व समर्थ विवर्धक असलेल्या वेगळ्या साधनाकडे सोपवितात. पेटीचे आकारमान व ध्वनिक्षेपकाचे गुणधर्म यांचे गणिती संबंध ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांनी स्पष्ट केले व त्यामुळे पेटीचा अभिकल्प (आराखडा) पूर्वगणित करणे शक्य झाले.

खर्जाच्या स्वतंत्र ध्वनिक्षेपकांची सर्वसामान्य प्रेक्षकांना ओळख चित्रपटगृहांत झाली. अर्थक्वेक (१९७४) या चित्रपटासाठी प्रेक्षागृहांत मोठे ध्वनिक्षेपक बसवून भूकंपाचा गडगडाट ऐकविण्यात आला. १९९२ मध्ये बॅटमॅन रिटर्न्‌स या चित्रपटापासून डॉल्बी डिजिटल पद्धती वापरात आली. तिच्यात पाच मुख्य ध्वनिमार्गांशिवाय १२० हर्ट्‌झपर्यंतच्या परिणामांसाठी एक वेगळा मार्ग असतो. हीच रचना पुढे घरोघरी पोहोचली.

स्वर व श्रवण : पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७·५ हर्ट्‌झचा, तर डबल बेस या तंतुवाद्याचा सु. ४१ हर्ट्‌झचा असतो. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता सु. ६९ हर्ट्‌झ असते. म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीसाठी २० हर्ट्‌झपर्यंत उतरणाऱ्या साधनाची गरज क्वचितच पडते. तेथे ६० ते १०० हर्ट्‌झ हा पट्टा समतोल असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

खालच्या स्वरांविषयी कानाची संवेदनक्षमता फार कमी असते. १,००० हर्ट्‌झचा स्वर जेमतेम ऐकू येण्यास सु. २ डेसिबेल पातळी पुरते, तर २० हर्ट्‌झच्या स्वरास सु. ७८ डेसिबेल पातळी लागते. मात्र एकदा ऐकू येऊ लागल्यावर हे स्वर वेगाने मोठे भासू लागतात. १,००० हर्ट्‌झचा स्वर २० डेसिबेलने वाढविल्यावर जो फरक जाणवतो, तो २० हर्ट्‌झच्या बाबतीत सु. १० डेसिबेलनेच जाणवतो. यामुळेच आवाज कमी ठेवल्यास खर्ज नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि सबवूफरच्या पातळीत केलेला थोडासा बदलही लगेच लक्षात येतो.

जोडणी : जोडणी करण्यापूर्वी सर्व साधनांचा वीजपुरवठा बंद करणे आवश्यक असते. जोडणीचे मुख्य प्रकार तीन आहेत. (१) मुख्य विवर्धकावर किंवा अभिग्राहकावर सबवूफरसाठी वेगळे प्रदान असल्यास तेथून परिरक्षित (जाळीचे आवरण असलेल्या) तारेने सबवूफरच्या आदानापर्यंत संकेत नेतात. अभिग्राहकच खालच्या व वरच्या कंप्रता वेगळ्या करीत असेल, तर सबवूफरमधील छानक (ठराविक कंप्रता अडविणारे मंडल) वगळावा किंवा त्याचा नियंत्रक कमाल कंप्रतेवर ठेवावा. अन्यथा एकाच संकेताचे दोनदा छानन होऊन खर्ज दुबळा पडतो. (२) जुन्या विवर्धकांना असे प्रदान नसते. तेव्हा मुख्य ध्वनिक्षेपकांना जाणाऱ्या अग्रांपासूनच तारा काढून त्या सबवूफरच्या उच्च पातळीच्या आदानास जोडतात. या आदानाचा संरोध पुष्कळ मोठा असल्याने मुख्य विवर्धकावर भार जवळजवळ पडत नाही. मात्र ज्या विवर्धकाचे ऋण अग्र भूसंपर्कित नसते त्याला अशी जोडणी निर्मात्याच्या सूचना पाहूनच करावी, नाहीतर त्याच्या प्रदानात मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होऊन विवर्धक जळू शकतो. (३) विवर्धक वेगळा असल्यास ध्वनिक्षेपकाचा संरोध विवर्धकाला चालणाऱ्या किमान संरोधाहून कमी नसावा. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम, तर ४ ओहमचे दोन जोडल्यास तो २ ओहम होतो. सर्वच विवर्धक हा भार पेलू शकत नाहीत. [→ विवर्धक].

खोलीतील स्थान : ८० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सु. ४·३ मी., तर २० हर्ट्‌झच्या ध्वनीची सु. १७ मी. असते. ही लांबी खोलीच्या मापांशी तुल्य किंवा त्यांहून मोठी असल्याने समोरासमोरच्या भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळून अप्रगामी तरंग तयार होतात. ५ मी. लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेने असे तरंग सु. ३४·५ व ६९ हर्ट्‌झ या कंप्रतांना निर्माण होतात. यांपैकी दुसरी कंप्रता वर उल्लेखिलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाशी नेमकी जुळते. अशा खोलीत मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या श्रोत्याला तो खर्ज फुगलेला ऐकू येतो, तर भिंतीपासून सव्वा मी. अंतरावर बसलेल्याला तोच अत्यंत क्षीण ऐकू येतो. तंबोरा, ध्वनिमुद्रण वा विवर्धक यांत काही दोष नसताना त्यांना दोष दिला जातो, तो बहुधा यामुळेच.

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास आवाज सर्वाधिक मिळतो, परंतु खोलीचे सर्वच अप्रगामी तरंग उद्दीपित होतात. योग्य जागा शोधण्याची एक सोपी रीत ध्वनिकीतील पारस्परिकतेच्या तत्त्वावर आधारलेली आहे. सबवूफर तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवून ओळखीचे खर्जप्रधान संगीत लावावे आणि जेथे तो ठेवणे शक्य आहे अशा जागांवर, जमिनीलगत कान नेऊन ऐकावे. जेथे सर्व खालचे स्वर सारख्या जोराने व स्पष्ट ऐकू येतील ती जागा सबवूफरसाठी निवडावी. सु. ८० हर्ट्‌झखालील ध्वनीची दिशा कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफर समोरच असला पाहिजे असे नाही. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याशी दोन सबवूफर ठेवल्यास निरनिराळ्या आसनांवरील ध्वनीत पडणारा फरक बराच कमी होतो.

क्रॉसओव्हर कंप्रता : ज्या कंप्रतेच्या खाली सबवूफर व वर मुख्य ध्वनिक्षेपक काम करतात तिला क्रॉसओव्हर कंप्रता म्हणतात. मुख्य ध्वनिक्षेपक जेथपर्यंत समर्थपणे उतरतात त्याच्या थोडी वर ती ठेवतात. ८० हर्ट्‌झ हे मूल्य सर्वसाधारणपणे सोयीचे असते. ती १२० हर्ट्‌झच्या पुष्कळ वर नेल्यास पुरुषी आवाजाचा काही भाग सबवूफरमधून येऊ लागतो व गायक दोन ठिकाणी उभा असल्याचा भास होतो. छानकाचा उतारही महत्त्वाचा असतो. झिगफ्रीड लिंक्विट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दोन्ही बाजूंचा उतार दर सप्तकास २४ डेसिबेल ठेवल्यास दोहोंचे संकेत समान कलेत राहून त्यांची बेरीज सपाट येते.

कला : क्रॉसओव्हर कंप्रतेच्या आसपास एकच स्वर दोन्ही साधनांतून येतो. दोहोंची कला (कंपनाची त्या क्षणीची अवस्था) समान असल्यास ते एकमेकांस पूरक, विरुद्ध असल्यास मारक ठरतात. ८० हर्ट्‌झला सु. २·१५ मी. इतका अंतराचा फरक कला उलट करण्यास पुरतो. छानकामुळे होणारा विलंब त्यात मिसळतो. म्हणून ० ते १८० अंशांपर्यंतचे कलानियंत्रक अंतर मोजून नव्हे, तर ऐकून लावणे इष्ट असते. क्रॉसओव्हर कंप्रतेचा अखंड स्वर लावून, श्रोत्याच्या जागी तो सर्वांत मोठा ऐकू येईल तेथे नियंत्रक स्थिर करावा. अभिग्राहकात अंतराची नोंद करण्याची सोय असल्यास सबवूफरसाठी प्रत्यक्ष मोजलेल्या अंतरापेक्षा अधिक अंतर लिहावे लागणे हे याच विलंबामुळे घडते व त्यात वावगे काही नसते.

पातळी : पातळी सर्वांत शेवटी ठरवितात. चाचणी ध्वनी लावून मुख्य ध्वनिक्षेपक व सबवूफर यांची पातळी ध्वनिपातळीमापकाने समान करतात. मापक सी भारांकनावर ठेवावा. ए भारांकनात ५० हर्ट्‌झचा ध्वनी सु. ३० डेसिबेलने कमी दाखविला जात असल्याने सबवूफर अकारण वाढविला जातो. त्यानंतर परिचित संगीत ऐकून किरकोळ फेरफार करावा. सबवूफर चालू असताना त्याचे वेगळे अस्तित्व जाणवू नये, परंतु तो बंद करताच संगीताचा पाया नाहीसा झाल्याचे जाणवावे, ही समायोजन साधल्याची खूण होय.

मायक्रोफोन वापरून स्वयंचलित दुरुस्ती करणारी अंकीय मंडले अनेक अभिग्राहकांत असतात. ती खोलीमुळे फुगलेले स्वर चांगल्या प्रकारे खाली आणतात. तरंगांच्या परस्पर छेदामुळे नाहीसा झालेला स्वर मात्र त्यांना परत आणता येत नाही. १० डेसिबेल वाढीसाठी दसपट शक्ती लागते. तेवढी पुरवूनही परावर्तित तरंग तितकाच वाढत असल्याने छेद कायम राहतो व शंकूवर मात्र ताण पडतो. अशा वेळी सबवूफर किंवा आसन यांची जागा बदलणे हाच उपाय असतो.

दोष व दक्षता : सतत ऐकू येणारी घरघर बहुधा भूसंपर्कनाच्या दुहेरी मार्गामुळे येते, तिची मूळ कंप्रता वीजपुरवठ्याची, म्हणजे भारतात ५० हर्ट्‌झ असते. सर्व साधने एकाच वीजस्थानावरून चालविल्यास किंवा संकेताच्या मार्गात विलगक रोहित्र घातल्यास ती जाते. त्यासाठी प्लगमधील भूसंपर्काची पिन काढून टाकणे अत्यंत धोक्याचे असते. विवर्धकात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या भागांत प्राणघातक विद्युत् दाब येऊ शकतो. मोठ्या आवाजात पेटीतून ठोके ऐकू आल्यास शंकूची हालचाल मर्यादेबाहेर गेली असे समजून पातळी तत्काळ कमी करावी.

भिंतीची ध्वनी अडविण्याची क्षमता कंप्रता निम्मी होताच सु. ६ डेसिबेलने घटते. त्यामुळे शेजारच्या सदनिकेत गायन न पोहोचता केवळ खर्जाचे धक्के पोहोचतात. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा ए भारांकनात दिलेली आहे. या मापनात खालच्या स्वरांना फारच कमी वजन मिळत असल्याने मापकावरील आकडा मर्यादेत असूनही शेजाऱ्यास खरा उपद्रव होऊ शकतो. रबरी वा फेसाळ पदार्थाची बैठक जमिनीतून जाणारी कंपने काही अंशी रोखते, हवेतून जाणारा ध्वनी रोखत नाही. दाट वस्तीच्या इमारतींत रात्री सबवूफरची पातळी उतरविणे किंवा तो बंद ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय. [→ ध्वनिकी, ध्वनिक्षेपक].