भातलावणी आणि शरीरातील सांधे

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या परिसरात, नवी मुंबईसाठी १९७० नंतर झालेल्या भूसंपादनामुळे, भातशेती पुष्कळ घटली आहे. तथापि कोकणात जेथे खाचरे उरली आहेत तेथे लावणी आजही बहुतांशी हातानेच होते व ती मुख्यत्वे स्त्रिया करतात. दिवसभर ओणवे राहिल्याने कंबर धरते, गुडघे ताठतात. हे दुखणे वयाचे म्हणून सोसले जाते. वस्तुतः पुष्कळदा ते सांध्यांवर अयोग्य रीतीने भार पडल्यामुळे उद्भवते.

दोन किंवा अधिक हाडे जेथे जुळतात त्या जागेस सांधा म्हणतात. कवटीची हाडे शिवणीप्रमाणे घट्ट जुळलेली असल्याने प्रौढपणी तेथे हालचाल होत नाही. पाठीच्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. तेथे हालचाल अल्प असते. उरलेले बहुतेक सांधे मोकळेपणाने हालतात. खांदा व खुबा हे उखळीचे सांधे होत. हाडाचा गोल माथा खोबणीत बसतो व सर्व दिशांना फिरतो. कोपर व गुडघा दाराच्या बिजागरीप्रमाणे दुमडतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा असतो. रोप चिमटीत धरून चिखलात रोवता येते ते त्याच्यामुळेच.

मोकळ्या सांध्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात. भोवती पिशवीसारखे आवरण असते. त्याच्या आतील पटलातून वंगणासारखा चिकट द्रव पाझरतो. बाहेरून चिवट अस्थिबंध हाडांना जखडून ठेवतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यत्वे या द्रवातूनच होते व त्यास हालचालीची आवश्यकता असते. म्हणूनच झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही, आणि एकाच अवस्थेत तासन्‌तास राहणे सांध्यास मानवत नाही.

लावणीच्या वेळी वाकावे कोठे, हा खरा प्रश्न आहे. मणक्यांमधील चकतीच्या मध्यभागी लिबलिबीत गर व भोवती तंतूंचे कडे असते. पाठीला बाक काढून वाकल्यास चकती पुढून दबते व गर मागे रेटला जातो. मज्जातंतूंची मुळे त्याच बाजूस असतात. खुबा मात्र वाकण्यासाठीच घडलेला आहे. यास्तव गुडघे किंचित दुमडून, पाठ शक्य तितकी सरळ ठेवून खुब्यात वाकावे. रोपांच्या मुठी हाताशी, समोर टाकाव्यात. बाजूची मूठ घेताना कंबर पिळण्याऐवजी पाय उचलून वळावे. चिखलात रुतलेल्या पावलावर गुडघा पिळणेही तितकेच घातक असते, कारण बिजागरीस पीळ सोसत नाही. थोड्या थोड्या वेळाने उभे राहून पाठ मागे ताणावी. मुकादमास हा वेळेचा अपव्यय वाटेल, परंतु तसे समजू नये.

ग्रामसेवकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात तापासह अनेक सांधे एकदम दुखू लागल्यास ते श्रमाचे दुखणे मानू नये. चिकुनगुन्या असण्याचा संभव असतो. तसेच सांधा सुजून गरम झाल्यास, अथवा कमरेची कळ पायात उतरून पाय बधिर होत असल्यास चोळण्यात वेळ न दवडता रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.